तीन दिवस यंत्राचे, चार दिवस नातवाचे

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे आमच्या नागपुरात तान्ह्या पोळ्याचा दिवस. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवे, की पोळ्याला शेतकऱ्यांचे खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी लेकरांचे लाकडी. चाके लावलेला नंदी, त्याच्या गळ्यात घुंगरांची माळ, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. मुले तो दोरीने ओढत घरोघर नेतात आणि घरची मोठी माणसे त्यांच्या हातावर खाऊ किंवा पैसे ठेवतात. त्याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. माझा नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. डोक्याला फेटा, हातात दोरी, असा तो माझ्या पलंगापाशी येऊन उभा राहिला. "आजी, चल ना. आपल्या गल्लीतच जायचं आहे."

मी त्या दिवशी डायलिसिसहून परतले होते. अंगात उठून बसण्याचेही त्राण नव्हते. पडल्या पडल्याच म्हटले, "आज नाही रे राजा. बरं वाटलं की जाऊ."

तो रुसला असता तर मी समजूत घातली असती. तो रुसला नाही. अगदी शांतपणे त्याने विचारले, "तू नेहमी असंच म्हणते. तू कधी बरी होणार आहे?"

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, माझ्या मुलाला आणि सुनेलाही ठाऊक होते. ज्याच्याशी दिवसातून दहा वेळा तो वायदा केला जात होता, त्यालाच तेवढे कोणी सांगितले नव्हते. त्याची आई त्याला नंदीसकट बाहेर घेऊन गेली. गल्लीतून घुंगरांचा आवाज बराच वेळ येत होता.

आज लिहायचे आहे ते या 'बरं वाटलं की'बद्दल. माझे दुखणे सांगून वाचकांची सहानुभूती मिळवावी, असा हेतू नाही. वीस वर्षांच्या मधुमेहानंतर दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार व शुक्रवार, चार-चार तास मी यंत्राला जोडलेली असते, एवढे सांगितले की माझी प्रस्तावना संपली. पण माझ्यासारख्या आज्या आणि आजोबा आता घरोघर आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने देशातील मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाख सांगितला. त्यात रक्तदाब, संधिवात, दमा, कंपवात, हृदयविकार यांची भर घाला. नातवंडांशी खेळण्याचे वय आणि न बरे होणाऱ्या आजाराचे वय, दोन्ही बहुतेक घरांत एकदमच दाराशी येतात. तेव्हा हा एका घरापुरता प्रश्न राहात नाही.

आपल्याला लहानपणापासून माहीत असलेला आजार म्हणजे ताप, गोवर, टायफॉइड. तो येतो, माणसाला अंथरुणावर टाकतो आणि जातो. त्या काळात घरातले सगळे व्यवहार थांबवायचे, पथ्य पाळायचे, मुलांना दूर ठेवायचे आणि बरे वाटले की पुन्हा पूर्वीसारखे सुरू करायचे, ही त्याची रीत. ती योग्यच होती. आपली चूक होते ती अशी, की जन्मभराच्या आजारालाही आपण हीच रीत लावतो. इथे 'बरे झाल्यावर' ही तारीख पंचांगात नाही. आपण मात्र तिची वाट पाहात बसतो, आणि मुलाचे वय कोणासाठी थांबत नाही. पाच वर्षांचा मुलगा लाकडी नंदी ओढतो. दहाव्या वर्षी तो ओढणार नाही. मी ठणठणीत बरी होऊन दारात उभी राहिले, तरीही ओढणार नाही.

घरातली माणसे यात भर घालतात, तीही प्रेमापोटी. "आजीला त्रास देऊ नकोस", "आजी झोपली आहे, हळू बोल", "आजीच्या खोलीत जाऊ नकोस, तुला सर्दी आहे." यातले प्रत्येक वाक्य त्या त्या वेळी बरोबरच असते. पण वर्षभर ही वाक्ये ऐकणाऱ्या मुलाच्या मनात काय चित्र तयार होत असेल? एकदा माझा नातू त्याच्या मित्राला अंगणात सांगत होता, "त्या खोलीत नसते जायचं. तिथे आमची आजारी आजी राहते." 'आमची आजी' आणि 'आमची आजारी आजी' यांत एकाच शब्दाचे अंतर आहे, पण ते ऐकताना मला सुईपेक्षा जास्त टोचले, आणि डायलिसिसच्या सुया कशा असतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

याच्या नेमके उलटे टोकही मी आजूबाजूला पाहते. "आई काय, घरीच तर असते" या एका वाक्यावर नोकरी करणाऱ्या मुलासुनेचा सगळा दिवस चालतो. शाळेची बस, डबा, अभ्यास, दुपारची झोप, सगळे त्या आजारी बाईच्या किंवा आजोबांच्या गळ्यात. ते 'नाही' म्हणत नाहीत. कारण 'नाही' म्हटले तर आपण निरुपयोगी ठरू अशी भीती त्यांच्या मनात असते. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, बसल्या जागी झोप लागते. अशा माणसाच्या भरवशावर गॅसच्या शेगडीपाशी चार वर्षांचे मूल सोडणे हे आजी आणि नातू दोघांच्याही जिवाशी खेळणे आहे. नातवंडाचा सहवास वेगळा आणि नातवंडाची राखण वेगळी. आजारी माणसाला पहिला भरपूर द्यावा आणि दुसरी त्याच्या अंगावर टाकू नये, एवढी साधी गोष्ट आपल्याला कळत नाही. आपण नेमके उलट करतो. राखण लादतो आणि सहवास काढून घेतो.

त्या तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी नातवाला जवळ बसवले आणि खरे सांगितले. सुनेला आधी विचारले. तिला भीती होती, की एवढ्या लहान मुलाच्या मनावर परिणाम होईल. मला म्हणायचे होते, की परिणाम झालेलाच आहे. फक्त तो न कळलेल्या गोष्टीचा आहे. मी त्याला म्हटले, "हे बघ, आपल्या पोटात रक्त गाळायच्या दोन चाळण्या असतात. माझ्या खराब झाल्या. म्हणून एक यंत्र माझं रक्त गाळून देतं. चाळण्या पुन्हा नीट होत नाहीत. म्हणून मी बरी होणार नाही. पण मी बरी आहे."

मराठीची ही गंमत मला त्या दिवशीच उमगली. बरे होणे आणि बरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यात कोणी विचारले, "काय, कसं काय?" तर आपण म्हणतो, "बरं आहे." त्याचा अर्थ काही आजार नाही असा नसतो, चालले आहे, निभते आहे, जीव रमतो आहे, असा असतो. जन्मभराच्या आजारात पहिल्या 'बरे'चा हट्ट सोडला, तर दुसरे 'बरे' हाताशी लागते.

नातवाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग माझी एक चाळणी घे." मला हसू आले आणि डोळेही भरले. मी सांगितले, की लहान मुलांकडून तसे घेत नाहीत, सरकारचा तसा नियमच आहे. ते खरेच आहे. अवयवदानाचा कायदा आपल्याकडे १९९४ साली झाला. २०११ च्या दुरुस्तीने त्यातील 'जवळचे नातेवाईक' या व्याख्येत आजी, आजोबा, नातू आणि नात यांचाही समावेश झाला. आईबाप आणि भावंडे तर आधीपासून होतीच. आजी आणि नातवाचे नाते जिवाजवळचे आहे, हे कायद्यालाही मान्य करावे लागले, याचे मला समाधान वाटते. नातू सज्ञान झाला तरी मी त्याचे मूत्रपिंड घेणार नाही, हा भाग निराळा.

त्यानंतर आमचे जे सुरू झाले त्याला काही मोठे नाव देण्याचे कारण नाही. माझ्या डाव्या हातात फिस्टुला आहे. म्हणजे शस्त्रक्रिया करून एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडलेली आहेत, त्यामुळे शीर फुगते आणि यंत्राला पुरेसे रक्त मिळते. त्या जागी बोट ठेवले की सतत थरथर लागते. ती थरथर चालू आहे ना, हे रोज पाहायचे असते. थांबली तर तातडीने दवाखाना गाठावा लागतो. ते मी पाहतेच. पण माझ्यानंतर नातूही शाळेत जाण्याआधी त्यावर हळूच हात ठेवतो, कधी कान लावतो आणि जाहीर करतो, "भुंगा चालू आहे!" त्या हाताला लटकायचे नाही, त्या हातात पिशवी द्यायची नाही, त्या हातावर डोके ठेवून झोपायचे नाही, हे त्याला आता सांगावे लागत नाही. भुंग्याला त्रास होतो, हे कारण त्याला पुरते.

दुसरे काम पाण्याचे. मला दिवसाला सगळे मिळून लिटरभरच पातळ चालते. त्यात चहा आला, वरण आले, ताकही आले. नागपूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि कूलरसुद्धा गरम वारा फेकतो, तेव्हा एका लिटरवर राहणे म्हणजे काय, हे लिहून सांगता येणार नाही. सकाळी एक बाटली भरून ठेवायची, कपभर चहा घेतला की तेवढे पाणी बाटलीतून कमी करायचे, ही युक्ती आमच्या डायलिसिस केंद्रातल्या सिस्टरने शिकवली. कमी करायचे काम नातवाने आपल्याकडे घेतले. ते पाणी तो तुळशीत घालतो. लिटर, अर्धा लिटर, पाव लिटर हे माप त्याला शाळेत शिकवण्याआधी आमच्या ओट्यावर आले. मी तीस वर्षे शाळेत शिकवले आहे. इतका लक्ष देऊन शिकणारा विद्यार्थी मला क्वचित मिळाला.

इथे एक सावधगिरीची सूचना मात्र केली पाहिजे. मूल हे आपले पहारेकरी नव्हे. आजीने चोरून पाणी प्यायले आणि तिला दम लागला, तर तो आपला दोष, असे त्याला कधी वाटता कामा नये. हिशेब मोठ्यांचा, खेळ त्याचा, ही रेघ आम्ही ठेवली आहे. बाटलीचा नेम चुकला तर मी सुनेला सांगते, त्याला नाही.

आणि संत्री! २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मी पेढे वाटावेत इतकी खूश झाले होते. आता संत्रे माझ्या पथ्याच्या यादीत 'नको'च्या रकान्यात आहे. कारण त्यात पोटॅशियम असते. निकामी मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत आणि रक्तात ते फार वाढले तर हृदय थांबू शकते. केळी, नारळपाणी, टमाटे यांचीही तीच कथा. बटाटा पुष्कळ पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचे, मग थोडा खायचा. आमच्या केंद्रात शेजारच्या पलंगावर काटोलकडचे एक गृहस्थ असतात. त्यांचा स्वतःचा संत्र्याचा बगीचा आहे. ते म्हणतात, "बाई, आयुष्यभर झाडं जगवली, आता नुसता वास घेतो." आंबिया बहाराची फळे निघाली, की त्यांची नात फोडी सोलून खाते आणि साल त्यांच्या हातात देते. ते साल चुरगळून हुंगत बसतात. मीही आता तसेच करते. संत्रे सोलण्याचा हक्क माझा, खाण्याचा नातवाचा. एकेका फोडीवरची पांढरी शीर काढून त्याच्या हातावर ठेवण्यात माझा अर्धा तास जातो. तेवढ्या वेळात तो शाळेतले सगळे सांगून मोकळा होतो. संत्रे भरभर खाल्ले असते तर हा अर्धा तास मला मिळाला नसता.

मला वाटते, आजारी म्हाताऱ्या माणसाजवळ मुलाला देण्यासारखे हेच एक असते. घाई नसते. घरातली धडधाकट माणसे सतत कुठेतरी निघालेली असतात. जोडे घाल, डबा उचल, बस आली. मुलाच्या चालीने चालणारे घरात एकच माणूस असते आणि ते म्हणजे ज्याला जोरात चालता येत नाही ते. आमची मजल आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. पूर्वी मी थोरल्या नातीला महाराजबागेत नेत असे, अंबाझरीच्या बागेत झोपाळ्यावर बसवत असे. धाकट्याला ते देता आले नाही, याची खंत होती. पण त्या कोपऱ्यापर्यंत जायला आम्हाला वीस मिनिटे लागतात आणि त्या वीस मिनिटांत मुंग्यांची रांग, सायकलच्या दुकानातले पंक्चर, खारीचे भांडण असे पुष्कळ पाहून होते. त्याची तक्रार नाही. तक्रार माझीच होती.

आपल्या विदर्भातलेच एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. बाबा आमट्यांना पाठीच्या कण्याच्या विकाराने अनेक वर्षे बसता येत नव्हते. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. १९८५ साली, सत्तरी गाठलेली असताना, ते भारत जोडो यात्रेला निघाले तेही बसमध्ये पडून प्रवास करत. त्यांच्या नातवंडांनी आजोबांना पाहिले ते असे, आडवे. तीच नातवंडांची पिढी आज आनंदवनात आणि हेमलकशात काम पाहते. बाबा फार मोठे होते, त्यांच्याशी आपली तुलना कशाला करावी? मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की आजोबा आडवे असले म्हणून नातवंडांच्या दृष्टीने ते कमी होत नाहीत. आडवे पडणे वेगळे आणि दार लावून घेणे वेगळे.

हे चार दिवस आपल्याला मिळतात, ही गोष्टही किती अलीकडची आहे! डॉ. विलेम कोल्फ यांनी हॉलंडमध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या एका गावात, १९४३ साली पहिले कामाचे डायलिसिस यंत्र बनवले. त्यावर वाचलेली पहिली रुग्ण, १९४५ साली, ६७ वर्षांची एक बाई होती. माझ्याच वयाची म्हणा ना! पण तिचा आजार तात्पुरता होता. वर्षानुवर्षे डायलिसिस करता येऊ लागले ते १९६० नंतर, अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी शिरेत कायम राहणारी नळी बसवली तेव्हापासून. यंत्रे थोडी आणि रुग्ण फार, म्हणून कोणाला जगवायचे हे ठरवायला तिथे एक समिती नेमली गेली. सुरुवातीच्या दंडकात पंचेचाळिशी उलटलेल्यांना जागाच नव्हती. म्हणजे त्या यादीत आज्या-आजोबांचा अर्ज पहिल्याच टेबलावर फेटाळला गेला असता.

आपल्या पिढीने हा शब्द ऐकला तो जयप्रकाश नारायणांमुळे. १९७५ च्या नोव्हेंबरात ते स्थानबद्धतेतून सुटले तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. पुढे १९७९ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर राहिले आणि त्याच अवस्थेत त्यांनी १९७७ ची निवडणूक पाहिली, सत्तांतर पाहिले. तेव्हा हे उपचार फार थोड्यांच्या आवाक्यात होते. आज तसे नाही. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला, त्यात जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ही सेवा मोफत देण्याचे ठरले. आपल्या राज्यातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. हे मोठे काम आहे आणि त्याबद्दल कृतज्ञता बाळगलीच पाहिजे.

पण कृतज्ञतेने प्रश्न विचारणे थांबू नये. आपण यंत्रे मोजतो, झालेल्या डायलिसिसची संख्या मोजतो. रुग्णाच्या उरलेल्या चार दिवसांचे काय होते, हे कोणी मोजत नाही. आमच्या केंद्रात खेड्यांतून येणारे लोक पहाटे चारला घरून निघतात आणि रात्री परततात. चार तासांच्या उपचारासाठी त्यांचा पंधरा तासांचा दिवस जातो आणि दुसरा दिवस थकवा घालवण्यात जातो. त्यांच्याजवळ चार दिवस उरतच नाहीत. तालुक्याच्या गावापर्यंत यंत्रे नेणे, पाळीची वेळ वरचेवर न बदलणे, घरच्या घरी पोटातून करता येणाऱ्या डायलिसिसची माहिती ज्यांना तो चालण्यासारखा आहे त्यांना वेळेवर देणे, या काही सुखसोयी नव्हेत. उपचाराने जो जीव वाचवला त्याला जगायला वेळ देणे, हा उपचाराचाच भाग आहे.

ज्यांची नातवंडे दूर आहेत, त्यांचे दुःख आणखी निराळे. नागपुरातल्या कितीतरी घरांतून मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेलेली आहेत. डायलिसिसवरच्या माणसाला दोन दिवसांपलीकडे गाव सोडायचे तर तिथल्या केंद्रात आधी जागा शोधावी लागते. त्यामुळे आजीने जायचे नाही, नातवाने यायचे, असा नवा शिरस्ता पडतो. आणि शाळेच्या सुट्टीत तो नेमका नागपूरच्या मे महिन्यात येतो. अशा वेळी फोनवर दिसणारे चेहरे हेच खरे. माझ्या ओळखीच्या एक बाई यंत्राला जोडलेल्या असतानाच परगावच्या नातीला दर बुधवारी गोष्ट सांगतात. ठरलेला वार आणि अर्धी राहिलेली गोष्ट, एवढ्या दोन गोष्टींवर ते नाते उभे आहे. नात बुधवार चुकू देत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे बोलायला ठीक; पण दुखणे दुखणेच असते. मान्य आहे. काही दिवस असे असतात, की मुलाचा आवाजही नको वाटतो. मी त्याच्यावर खेकसते आणि मग रात्रभर तळमळते. काही दिवस त्याला खोकला असतो आणि त्याला लांबच ठेवावे लागते. मी नसले तर त्याचे काय होईल, हा विचार येत नाही असेही नाही. उलट मला असे वाटते, की जी आजी त्याने जवळून पाहिली, हात लावून पाहिली, तिच्या जाण्याचे दुःख त्याला कळेल तरी. बंद दारामागची आजारी आजी गेली तर त्याला फक्त भीती वाटेल. आपण मुलांना दुःखापासून वाचवू शकत नाही. अनोळखी भीतीपासून वाचवू शकतो.

म्हणून माझ्या समवयस्कांना सांगणे एवढेच, की 'बरं वाटलं की' हा शब्दप्रयोग आता सोडून द्या. त्याऐवजी वार आणि वेळ सांगा. "उद्या सकाळी नऊ वाजता, पंधरा मिनिटे, पत्ते." मुलाला पंधरा मिनिटे पुरतात, पण ती ठरलेली आणि खरी हवीत. दमलात तर "मी दमले" असे सरळ म्हणा. हसऱ्या चेहऱ्याचे नाटक मुलांना चटकन कळते. आणि मुलासुनांना सांगणे, की दार लावून घेऊ नका आणि मूल टाकून जाऊही नका.

गेल्या तान्ह्या पोळ्याला मी गल्लीत गेले नाही. खुर्ची दारात टाकून बसले आणि बोजाऱ्याची थाळी मांडीवर घेतली. गल्लीतले सगळे नंदी आमच्या दारावरून गेले. नातू आपला नंदी घेऊन शेवटी आला, आता तो आठ वर्षांचा झाला आहे आणि पुढच्या वर्षी ओढेल की नाही सांगता येत नाही. त्याने बोजारा घेतला, मोजला आणि "कमी आहे" म्हणाला. मी आणखी दहा रुपये दिले.

आज रविवार. शुक्रवारनंतर हा दोन दिवसांचा मोठा खंड, म्हणून पाण्याचे पथ्य आज सर्वांत कडक. उद्या सोमवार, यंत्राचा. पण आज सकाळी नऊला पत्त्यांचा डाव ठरलेला आहे आणि हे लिहिता लिहिता सव्वानऊ झाले. दारात कोणीतरी पत्ते पिसत उभे आहे. तेव्हा आता पुरे.